७२ विरुद्ध १००

जळगावला एका जिनिंगमध्ये मी बरीच वर्षं काट्यावर होतो. कापसाची गाडी आत येताना एक वजन, रिकामी होऊन बाहेर पडताना दुसरं, आणि मधला फरक म्हणजे शेतकऱ्याचा माल. नोकरी सुटली, पण डोळ्यांची खोड गेली नाही. समोरून माणूस चालत आला की त्याचा आकडा आपोआप मनात उमटतो. लग्नात व्याह्यांची पंगत बसली की मी मनातल्या मनात बेरीज करत असतो, आणि बायकोला ते बरोबर कळतं.

या खोडीपायीच गावच्या यात्रेत मला जोड लावायला बसवतात. आमचं गाव भडगाव तालुक्यात, गिरणेच्या काठावर. यात्रेच्या शेवटच्या दिवशी कुस्त्यांची दंगल. धुळे, साक्री, चाळीसगाव, पाचोरा, मालेगाव इथून पैलवान येतात. दुपारी लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या होतात, मग नारळाच्या, मग शंभर-दोनशेच्या. ऊन उतरलं की हजारांच्या. वजनकाटा नसतो. पोरगं अंगरखा काढून पुढे उभं राहतं, पंच त्याचा खांदा चाचपतात, मांडीवर थाप मारतात, तेवढ्याच अंगाचा दुसरा शोधतात आणि दोघांचे हात एकमेकांच्या हातात देतात. मी बाजूला बसून ‘हा दोन-तीन किलोनं भारी आहे’ एवढंच सांगतो.

२०२४च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला विनेश फोगटला अंतिम लढतीच्या दिवशी सकाळी अपात्र ठरवलं, ते ५० किलोच्या गटात १०० ग्रॅम जास्त भरले म्हणून. तेव्हा आमच्या पारावर लोक हळहळले आणि हसलेही. १०० ग्रॅम म्हणजे आमच्याकडे पैलवानाने दंगलीआधी खाल्लेली केळी. पण हसणाऱ्यांनाही ठाऊक होतं की आपल्याकडची गंमत आणि धोका, दोन्ही त्या न तोललेल्या किलोंतच आहे.

त्या वर्षी शेवटून तिसरी कुस्ती अडली. मालेगावकडचा एक पैलवान आला होता, माझ्या अंदाजाने शंभराला एखादा किलो इकडे-तिकडे. त्याची ठरलेली जोड आलीच नाही. त्याच्या तोलाचा दुसरा कोणी मैदानात नव्हता. इनाम जाहीर झालेलं, देणगीदार खुर्चीवर बसलेले, माइकवाला पुन्हा पुन्हा पुकारतोय. तेवढ्यात धुळ्याकडचा एक पोरगा उठला. बहात्तर. घोटे बारीक, मान मात्र डोक्याच्या रुंदीची. ‘मी धरतो,’ म्हणाला. त्याचे वस्ताद आधी नको म्हणाले, मग इनामाचा आकडा ऐकून गप्प झाले.

माझा पुतण्या सोबत होता. तो जळगावला कॉलेजात बॉक्सिंग खेळतो, ६० किलोंच्या आसपास. स्पर्धेच्या सकाळी तीनशे ग्रॅम उतरवण्यासाठी जाड जाकीट घालून मैदानाला फेऱ्या मारणारी जात त्याची. अठ्ठावीस किलोंचा फरक ऐकून तो उभाच राहिला. ‘काका, आमच्याकडे अशी लढत लावली तर पंचाला घरी पाठवतील.’

गर्दीत तोवर पैजा लागल्या. आमच्याकडच्या पैजा चहाच्या, फार तर शेवभाजीच्या. चहाच्या टपरीवाल्याने हिशेब ठेवायचा. निम्मे म्हणत होते, मोठा दोन मिनिटांत आस्मान दाखवील. निम्मे म्हणत होते, मोठा दमेल आणि पोरगा त्याला मागून उचलेल. दुसऱ्या बाजूचे लोक जास्त जोरात बोलत होते. लहानाच्या बाजूने बोलण्यात माणसाला स्वतःचंच काही सिद्ध करायचं असतं, असं मला नेहमी वाटतं.

नाना, म्हणजे माझे चुलते, पंचांत बसले होते. त्यांनी १९६६ साली जळगावला भरलेली महाराष्ट्र केसरी स्पर्धा पोरवयात पाहिली आहे, दीनानाथ सिंहांनी जिंकली ती. त्याआधी १९६२ला धुळ्यात भगवान मोरे जिंकले, ते त्यांनी फक्त ऐकलंय, पण सांगताना पाहिल्यासारखं सांगतात. नानांना मी विचारलं, ‘काय वाटतं?’ ते म्हणाले, ‘वजन दखू नको, मान दख.’

मी मात्र आधी वेगळाच प्रश्न विचारतो. कुस्ती निकाली आहे की गुणांवर? आणि किती वेळ? हे ठरल्याशिवाय कोण जिंकेल हे सांगणं म्हणजे गाडी रिकामी होण्याआधीच मालाचा आकडा लिहिणं.

मॅटवर तीन-तीन मिनिटांचे दोन डाव असतात. वर्तुळाबाहेर ढकललं तरी गुण मिळतो. म्हणजे भारी माणसाने नुसता रेटा दिला तरी त्याची पाटी भरत जाते, आणि सहा मिनिटांत त्याला दमायला वेळच मिळत नाही. महाराष्ट्र केसरीचा किताबी गट ८६ ते १२५ किलोंचा. म्हणजे तिथेही चाळीस किलोंच्या आसपासचा फरक कायद्यानेच बसतो. आमच्या शेजारच्या चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीचे विजय चौधरी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी लागोपाठ तीन वर्षं तिथे जिंकले, तेव्हा अख्ख्या खान्देशाने फेटे उडवले. पण मोठा म्हणजे जिंकलाच असं त्या गटातही नाही. २०२३च्या जानेवारीत पुण्यात शिवराज राक्षेने उंचापुऱ्या महेंद्र गायकवाडला मिनिटाच्या आत चीत केलं. तिथे दमण्याचा संबंधच आला नाही, डाव बसला एवढंच.

मातीत गुण नाहीत. पाठ लागली तर निकाल, नाही तर चालू द्या. इथे वेळ लहानाच्या बाजूने जातो, असं सगळे मानतात. आमचा आखाडा नदीकाठच्या गाळाच्या मातीचा, वर हळद, ताक आणि तेल टाकून मऊ केलेला. त्यात भारी पैलवानाची टाच रुतते आणि प्रत्येक पाऊल त्याला उपटून काढावं लागतं.

हातमिळवणी झाली, डफडं वाजलं. पहिली दोन-तीन मिनिटं मोठ्याने एकच काम केलं. पंजा पोराच्या मानेवर टाकायचा आणि अंगाचा भार त्याच्यावर लटकवायचा. हे बाहेरून काहीच दिसत नाही, प्रेक्षक ‘खडाखडी पुरे’ म्हणून ओरडतात. पण मानेवर वीस-पंचवीस किलो लोंबकळले की पाच मिनिटांत पाठ, कंबर आणि मग पाय जातात. पोरगा शहाणा होता. पंजा पडला की कोपर वर घालून तो झटकायचा आणि डावीकडे सरकायचा. ‘मान देऊ नको रे!’ त्याचे वस्ताद कडेने ओरडत होते. तेव्हा नानांच्या बोलण्याचा अर्थ पुतण्याला कळला.

‘हे कार्नेराचं आहे,’ तो माझ्या कानात म्हणाला. त्याच्या फोनमध्ये जुन्या लढती भरलेल्या असतात. बॉक्सिंगच्या सगळ्यात वरच्या गटाला वरची मर्यादा नाही, त्यामुळे तिथे अशा विजोड लढती अधूनमधून होतात. १९३४ला मायामीत प्रिमो कार्नेरा साधारण १२२ किलोंचा, टॉमी लॉफ्रन ८३चा. लॉफ्रन कसबी, पण त्याच्या ठोशात माणूस पाडण्याची ताकद नव्हती. कार्नेरा पंधरा फेऱ्या त्याच्यावर रेलत राहिला आणि गुणांवर जिंकला. त्याआधी १९१९ला टोलेडोत नेमकं उलट झालं होतं. जेस विलर्ड १११ किलोंचा, जॅक डेम्प्सी ८५चा, आणि पहिल्याच फेरीत विलर्ड सात वेळा खाली गेला. तिसऱ्या फेरीनंतर तो उठलाच नाही. आणि २००९ला न्यूरेंबर्गमध्ये सात फुटी निकोलाय वालुयेव १४३ किलोंचा, समोर डेव्हिड हे ९८चा. डेव्हिड बारा फेऱ्या पळत पळत टोचत राहिला आणि गुणांवर जिंकला.

तीन लढतींतून मी माझ्यापुरता हिशेब काढला. लहान माणसाकडे संपवणारा ठोसा असेल तर त्याने लवकर संपवावं. तो नसेल तर त्याने समोरच्याला अंगाला लागूच देऊ नये. दोन्ही जमलं नाही तर रेटा त्याला खातो. बॉक्सिंगमध्ये अंतर राखता येतं. कुस्तीत ते येत नाही, तिथे धरावंच लागतं. म्हणून कुस्तीतल्या लहान पैलवानाला फक्त दोन वाटा उरतात: समोरच्याचा रेटा त्याच्यावरच उलटवणारा डाव, किंवा श्वास.

पोराने आधी डाव करून बघितला. मोठा पुढे रेटत आला तशी त्याने ढाक मारली. सुरेख बसली होती. शंभर किलो हवेत निम्मे वळले, अख्खं मैदान उठलं आणि मोठा गुडघ्यावर येऊन थांबला. खांदा टेकला नाही. लगेच पोरगा पटात शिरला, एक पाय मिळाला, उचलायला गेला आणि तिथेच अडकला. त्या बारीक घोट्यांना तो भार पेलेना. मोठा त्याच्यावर पडला.

पुढची काही मिनिटं बघवत नव्हती. पोरगा पालथा, मोठा वर. घिस्सा मारायचा प्रयत्न, मग सवारी. पोराचं तोंड मातीत, मान तिरकी. मी जोड लावणारा, आणि त्या क्षणी मला ती मान सोडून दुसरं काही दिसत नव्हतं. नाना अर्धे उठून उभे राहिले होते. मातीतली कुस्ती कितीही जुनी असली तरी मानेचा मणका तोच असतो. माझं मत तेव्हाही हेच होतं आणि आजही आहे: दहा-बारा किलोंच्या पुढचा फरक पंचांनी नाकारायला हवा, देणगीदार कितीही मोठा असो. यात्रा कमिटीत हे बोललो की सगळे माना डोलावतात आणि शेवटची कुस्ती अडली की पुन्हा माझ्याकडेच बघतात.

पोरगा सुटला. कसा, ते नीट दिसलंही नाही. मोठ्याचा हात घामाने घसरला असावा. दोघं उठले तेव्हा मोठ्याचं पोट भात्यासारखं वर-खाली होत होतं. श्वासावर डाव लावणारे नाचायला लागले. पोराने त्याला खाली घेतलं, मागे गेला, कमरेवर कब्जा घेतला. आता फक्त पलटवायचं बाकी. आणि मोठा पसरला. छाती, पोट, मांड्या सगळं मातीला चिकटवून, हातपाय फाकवून. पोरगा एका बाजूने उपटतो, दुसऱ्या बाजूने उपटतो, एकलंगी भरायला बघतो. शंभर किलो हलत नाहीत.

इथे मला गामा आठवले. १९१०च्या सप्टेंबरात लंडनला स्टॅनिस्लाउस झ्बिश्को त्यांच्यापुढे असाच पसरला होता. तो गामांपेक्षा बराच वजनदार. अडीच तासांहून जास्त वेळ कुस्ती चालली, बहुतेक वेळ तो पालथाच, आणि शेवटी ती बरोबरीत सोडवली. ठरलेल्या पुन्हाच्या कुस्तीला तो आलाच नाही. १९२८ला पतियाळ्यात दोघं परत भिडले तेव्हा गामांनी मिनिटही लावलं नाही. त्याच दोन माणसांचे दोन निकाल.

सूर्य गेला. दोन मोठ्या कुस्त्या बाकी होत्या. पंचांनी शिट्टी मारली, दोघांचे हात वर केले, इनाम निम्मं-निम्मं. लोकांनी आरडाओरडा केला, दोन-चार चपलाही आल्या. टपरीवाला एकटाच खूश. सगळ्या पैजा फुकट गेल्या होत्या, आता प्रत्येकाने आपापल्या चहाचे पैसे द्यायचे होते. एवढ्या माणसांत ‘सुटेल’ असं म्हणणारा एकही नव्हता. खरं तर आमच्या आखाड्यात एवढ्या फरकाच्या जोडीचा हाच नेहमीचा शेवट. मोठा पहिल्या दोन-तीन मिनिटांत पाडतो, नाही तर कुस्ती सुटते. लहानाने उशिरा चीत केल्याच्या गोष्टी पारावर पुष्कळ ऐकल्या, मैदानात फार थोड्या पाहिल्या.

रात्री पैलवानांची पंगत नानांच्या ओट्यावर. शेवभाजी, भाकरी, ठेचा. मोठा मांडी घालून बसलेला, पोरगा त्याच्या शेजारीच. पुतण्याने मोठ्याला सरळ विचारलं, ‘तुम्ही पसरून का राहिलात? उठून लढायचं होतं.’

तो चिडला नाही. म्हणाला, ‘परवा दुसऱ्या गावाला कुस्ती आहे, त्यानंतर अजून एक. आखाजीपर्यंत हंगाम, मग पावसाळाभर काही नाही. सुटली तर निम्मं इनाम हातात. बहात्तरच्या पोराकडून पडलो असतो तर पुढच्या गावात माझा भाव काय राहिला असता? आणि उठायच्या घाईत गुडघा गेला असता तर?’

पैजा लावताना हे कोणीच धरलं नव्हतं. मीही नाही, कारण हे काट्यावर येत नाही.

पुतण्याने मग पोराकडे मोर्चा वळवला. ‘तुला काय वाटलं होतं?’

पोरगा भाकरी मोडत म्हणाला, ‘मन्हा अंदाज, हाऊ दमी. दमना बी. पन दमेल मानूस बी शंभरच किलोना ऱ्हास ना भो.’

मोठा सगळ्यांत जास्त हसला. नानांनी त्याच पंगतीत दोघांकडून पुढच्या वर्षाचा शब्द घेतला. इनाम वाढवून, कुस्ती निकाली, वेळेची मर्यादा नाही. मी दहा-बारा किलोंची आठवण करून दिली. नाना म्हणाले, पोरगा वर्षभरात वाढेल. मी म्हटलं, मोठाही वाढेल. आणि पुन्हा अंधार पडला तर?

‘लाइट लावसूत,’ नाना म्हणाले आणि ठेच्याचं भांडं पुढे सरकवलं.