चिबाच्या रानातली लुटुपुटूची लढाई

हत्यारांच्या बाबतीत जपान मोठा सोवळा देश. १५८८ साली हिदेयोशीने शेतकऱ्यांच्या घरांतल्या तलवारी गोळा केल्या. १९५८ च्या कायद्याने तर सामान्य माणसाच्या हाती बंदूक पडण्याची वाट जवळजवळ बंदच केली. पण हौस का कायद्याने सुटते? १९७०–८० च्या सुमारास त्या हौसेतूनच तिथे एअरसॉफ्ट बंदूक जन्मली. दिसायला हुबेहूब खरी. पोटात मात्र ६ मिलिमीटरची प्लॅस्टिकची गोळी.

टोकियोत माझा भाचा राहतो. "मामा, देवळं पुष्कळ पाहिलीत, आता लढाई पाहा," म्हणत एका रविवारी त्याने मला शेजारच्या चिबा प्रांतात नेले. बंदूक पेटीत बंद आणि तिची बॅटरी निराळी. आगगाडीत ती उघडी दिसता कामा नये. शेजारच्या उतारूला ती खोटी आहे हे कसे कळावे?

रानाच्या तोंडाशी मंडप होता. तिथे प्रथम प्रत्येक बंदुकीची परीक्षा झाली. २००६ साली कायद्यात दुरुस्ती होऊन या गोळीच्या जोराला सुमारे ०.९८ ज्यूलची मर्यादा पडली. म्हणजे ०.२ ग्रॅमची गोळी सेकंदाला ९९ मीटरच्या आसपास धावणार. कातडीला ती चिमटा काढील. डोळ्यात शिरली तर डोळाच घेऊन जाईल. म्हणून रानात पाऊल टाकण्याआधी संरक्षक चष्मा चढवायचा, आणि मंडपात परतेपर्यंत उतरवायचा नाही, मग घामाने काचेवर धुके का धरेना! मंडपात मात्र बंदुकीने मुकाट बसायचे: गोळ्यांचा खण काढलेला, नळीत अडकलेली गोळी झाडून टाकलेली, बोट चापापासून दूर.

हे सोपस्कार पाहून मला प्रथम हसू आले. पण दुसऱ्या डावात एका तरुणाचा चष्मा फांदीत अडकून निसटला. त्याने डोळे मिटले, वर दोन्ही तळहात दाबले आणि आरोळी ठोकली. लगेच पंचाची शिट्टी वाजली आणि साऱ्या रानातल्या बंदुका गप्प झाल्या. चष्मा परत नाकावर बसेपर्यंत कोणी हलले नाही. माझे हसू तिथेच मावळले.

आणखी एक गोष्ट. या गोळीचा डाग पडत नाही. लागली की नाही, हे ज्याला लागली त्यानेच सांगायचे. पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ झाडाआडून एकाएकी हात वर करून "हिट!" म्हणत बाहेर आले. गोळी बाहीला चाटून गेली होती म्हणे. कोणी पाहिले नव्हते.

"आणि नाहीच सांगितलं तर?" मी भाच्याला विचारले.

"मग खेळायचं कशाला, मामा?"

वाचकहो, यंदाच्या दिवाळीतही घरोघरी टिकल्यांची पिस्तुले फुटतील. ती जरूर फुटोत. मात्र पोराच्या हाती पिस्तूल देताना एवढे सांगावे, की बाळा, खोटे असले तरी ते कोणाच्या तोंडावर रोखायचे नाही. चिबाच्या रानात पन्नाशीचे लोकही हा धडा दर रविवारी नव्याने गिरवतात. त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही.