काशाची वाटी

आमच्या जळगावच्या पिंप्राळ्यात पांडुरंगाचा रथ आषाढी एकादशीला निघतो. लहानपणी मी तो अण्णांच्या खांद्यावर बसून पाहायचे. सगळ्यांच्या माना वर, मूर्तीकडे आणि झेंडूच्या माळांकडे. अण्णा मात्र मला खाली बघायला लावत, चाकाशी. तिथे मोगरीवाले असतात. लाकडाची मोगरी चाकाखाली सारायची, रथ थांबवायचा, पुन्हा काढायची, की रथ पुढे. एवढा गजर चाललेला, माणसावर माणूस, आणि मोगरीवाल्याची नजर चाकावरून हलत नाही. ‘त्याच्या हाताकडे बघ,’ अण्णा म्हणायचे. मी बघत राहायचे. रथ पुढे गेला की कळायचं, इतका वेळ आपणही श्वास धरून होतो.

बघणं मी तिथे शिकले.

2024 साली एकादशी 17 जुलैला होती, आणि 26 तारखेला पॅरिसचं ऑलिंपिक सुरू झालं. त्या रात्री सीन नदीतून देशोदेशीचे खेळाडू बोटींतून आले, भर पावसात भिजत. आमच्याकडेही पत्र्यावर पाऊस वाजत होता. पॅरिसचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, त्यामुळे पुढचे पंधरा दिवस घराचं वेळापत्रक पार बदललं. दुपारची जेवणं टीव्हीसमोर, रात्रीची झोप मध्यरात्रीनंतर. अण्णा मध्य रेल्वेत टीसी होते, आयुष्य भुसावळ विभागात गेलं. निवृत्त झाले तरी रात्री जागायची सवय गेली नाही. ती त्यांना या पंधरा दिवसांत कामी आली.

1 ऑगस्टला, गुरुवारी, दुपारी एक वाजता स्वप्निल कुसाळेची नेमबाजीतली अंतिम फेरी होती. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा. वडील शिक्षक, आई गावची सरपंच. आणि नोकरी? मध्य रेल्वेत, टीसी! आदल्या दिवशी ही बातमी वाचल्यापासून अण्णांचा चेहरा उजळला होता. ‘आपल्या सेंट्रलचा आहे,’ असं त्यांनी दूधवाल्याला सांगितलं, गल्लीतल्या पोरांना सांगितलं, फोनवर भुसावळच्या जुन्या सोबत्यांना सांगितलं. धोनीही एकेकाळी खडगपूरला टीसी होता, हेही प्रत्येक वेळी जोडून.

नेमकी एक वाजायच्या बेताला वीज गेली. मग मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून ओट्यावर उभा केला. आई कळण्याची भाकरी थापत होती. परातीतलं पीठ, तव्याची धग, आणि मधोमध हातभर अंतरावर तो तळहाताएवढा पडदा. आम्ही तिघं त्यावर वाकलेलो.

नेमबाजी बघणं सोपं नाही. धावण्याच्या शर्यतीत डोळ्यांना काम असतं, कुस्तीत असतं. इथे माणूस हलत नाही, हीच त्याची करामत. पन्नास मीटरवर लक्ष्य, आणि त्यातलं दहाचं वर्तुळ जेमतेम 10.4 मिलिमीटर व्यासाचं. काबुली हरभऱ्याएवढं म्हणा. आधी गुडघ्यावर बसून, मग पालथं झोपून, शेवटी उभं राहून नेम धरायचा. प्रत्येक गोळीला दशांशात गुण, जास्तीत जास्त 10.9. तो बंदूक गालाला लावतो, थांबतो, कधी पुन्हा खाली घेतो. ‘वो माय, हा तर हालतबी नाही,’ आई म्हणाली, आणि तिचाच हात भाकरीवर थबकला.

पात्रता फेरीतून तो सातवा येऊन आठ जणांत पोचला होता. गुडघ्यावरच्या पंधरा गोळ्या झाल्या तेव्हा सहावा. झोपून पंधरा झाल्या तेव्हा पाचवा. अण्णा पुटपुटायला लागले, ‘माहेजी... म्हसावद...’ पाचोऱ्याकडून घरी परतताना गाडीत ते असंच म्हणायचे. माहेजी, म्हसावद, शिरसोली, मग जळगाव. तेव्हा आमच्या डोळ्यांत झोप असायची आणि त्या नावांनी घर एकेक पाऊल जवळ यायचं.

उरलं होतं उभ्याने नेम धरणं. तिन्हींत हेच अवघड मानतात. कोपराला जमिनीचा किंवा गुडघ्याचा टेकू नाही, सगळा तोल दोन पायांवर. इथेच भले भले घसरतात. अण्णांनी पडद्यावर बोट ठेवलं, त्याच्या बुटांजवळ. ‘पाय बघ.’

मी पाय बघितले आणि मला अण्णांचे पाय आठवले. शाळकरी वयात एकदा त्यांच्याबरोबर मी ड्युटीच्या गाडीत गेले होते. गाडी रूळ बदलताना डबा गदगदा हलत होता, लोक कठड्याला धरून कसेबसे उभे, आणि अण्णा वाटेच्या मधोमध दोन्ही पाय फाकवून, कशालाही न धरता, पावतीपुस्तकावर कुणाची तरी पावती लिहीत होते. अक्षर जराही हललं नव्हतं. कार्बन सारखा केला, पावती फाडली, पुढच्या बाकाकडे गेले. नेमबाजी वेगळी, नोकरी वेगळी. पण चाळीस वर्षं हलत्या जमिनीवर उभं राहिलेल्या माणसाला उभं राहणं ओळखता येतं, हे मला त्या ओट्यापाशी कळलं.

उभ्याच्या पहिल्या पाच गोळ्यांनंतर तो चौथा. पुढच्या पाचांनंतर तिसरा. चाळीस गोळ्या झाल्यावर दोघे बाद झाले आणि मग एकेका गोळीला एकेक जण. तव्यावरची भाकरी करपली, कुणी उलथली नाही. चव्वेचाळीस गोळ्यांवर त्याचे 451.4 झाले. चीनचा लिऊ युकून आणि युक्रेनचा सेर्ही कुलिश पुढे राहिले, आणि आपला मुलगा तिसरा. या प्रकारात भारताचं हे पहिलं ऑलिंपिक पदक. अण्णा काही बोलले नाहीत. नुसते ‘शिरसोली गेलं’ म्हणाले आणि डोळे पुसायला चष्मा काढला.

महाराष्ट्राच्या खेळाडूला पुन्हा वैयक्तिक पदक मिळायला 72 वर्षं लागली. 1952 साली हेलसिंकीला गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्य मिळवलं. त्यांच्या प्रवासाला पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढली, त्यांच्या कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. त्या लोकांपैकी कुणी खाशाबांची हेलसिंकीतली कुस्ती पाहिली नाही. पदक मिळाल्याची बातमी आली, पठ्ठ्या परत आला, तेव्हा शंभरावर बैलगाड्या जोडून त्यांनी मिरवणूक काढली. माझ्यासमोर तर गोळीगणिक आकडा उमटत होता. तरी मला वाटतं, न बघता जे त्या माणसासोबत उभे राहिले त्यांचं बघणं माझ्यापेक्षा मोठं होतं. घर गहाण टाकणाऱ्याने हेलसिंकीचा आखाडा आपल्या अंगणातच मांडून पाहिला असणार.

संध्याकाळी वीज आली. टीव्हीवर पदक पुन्हा पुन्हा दाखवत होते. मधे षटकोनी लोखंडाचा तुकडा, आयफेल टॉवरचा, आणि भोवती ते तांबूस तेज. आईने विचारलं, ‘कांस्य म्हणजे आपलं कासंच ना?’

‘कासंच.’

ती आत गेली आणि फडताळातून काशाची वाटी घेऊन आली. अण्णा नोकरीत होते तेव्हा ही वाटी रोज रात्री निघायची. खान्देशातला उन्हाळा, दिवसभराचं उभं राहणं, तळपाय निखाऱ्यासारखे व्हायचे. आई तुपाचं बोट लावून वाटीने ते चोळायची, आणि वाटी फिरता फिरता तळवे काळे व्हायचे. उष्णता निघते, असं ती म्हणायची. निवृत्तीनंतर वाटी तशीच पडून होती, कड जराशी चेपलेली.

आई जमिनीवर बसली, अण्णांचा पाय मांडीवर घेतला. टीव्हीत तो मुलगा चबुतऱ्यावर उभा होता, गळ्यात पदक. वाटी गोल गोल फिरत राहिली, तळव्यावर काळसर रेघा उमटू लागल्या. पडद्यावरची नजर न काढता अण्णांनी दुसरा पाय पुढे केला.