दात पाहून घेतलेला लॅपटॉप

बैल घ्यायचा तो दात पाहून, ही शिकवण एरंडोलासारख्या शेतीच्या गावात राहणाऱ्यास कोणी निराळी द्यावी लागत नाही. तथापि महाविद्यालयात जाणाऱ्या कन्येसाठी जुना लॅपटॉप घेण्याचा प्रसंग आला, तेव्हा आम्ही ती साफ विसरलो. वरच्या चकाकीस भुलून एक यंत्र घरी आणले, हौसेने त्यावर लिनक्स बसविले, आणि पाहतो तो वायफाय मुके! आतल्या चिपला लागणारा ड्रायव्हर लिनक्समध्ये नव्हता. "बाबा, आधी तपासून का नाही घेतलात?" ह्या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. पैसे तर गेलेच. परंतु मुलीस जुनी वस्तू देतो आहोत ही मनातली लाज दुणावली.

ते यंत्र पडत्या भावात काढून टाकून दुसऱ्या खेपेस जळगावास गेलो, ते खिशात पेनड्राइव्ह घेऊनच. लिनक्स यंत्रात न बसविता पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते, डिस्कला धक्का लागत नाही. वायफाय, आवाज, कॅमेरा आणि झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागे होते की नाही, ह्यांची परीक्षा दुकानातच होते. बॅटरीची मूळ क्षमता किती उरली, तेही पडद्यावर दिसते. रॅम बदलता येते काय आणि बायोसला पूर्वीच्या धन्याचे कुलूप नाही ना, हे दोन प्रश्न तेवढे विचारावे लागले.

दुकानदार सरळ मनुष्य. इंटेलच्या 7व्या पिढीचा प्रोसेसर असलेला एक थिंकपॅड पुढे करून तो म्हणाला, "साहेब, ह्यावर विंडोज 11 चालायचे नाही, म्हणून भाव कमी." विंडोज 10 चा सर्वसाधारण पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, आणि नव्या आवृत्तीस टीपीएम 2.0 व इंटेलचा असल्यास बहुधा 8व्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. म्हणजे अंगाने धडधाकट असलेले जनावर केवळ कागदावर म्हातारे ठरले होते! जगाने काढलेली खोट आमच्या पथ्यावर पडली.

घरी येऊन त्यावर डेबियन बसविले. कन्येने विचारले, "एवढे सगळे फुकट कोण देते?" आम्ही सांगितले, की फिनलंडमधील लिनस टोर्वाल्ड्स नामक विद्यार्थ्याने 1991 साली ह्याचा गाभा लिहावयास घेतला, आणि पुढच्याच वर्षी तो जीपीएल परवान्याखाली आला. ह्या परवान्याची अट मोठी मार्मिक आहे: मिळालेली प्रणाली पुढे द्याल, तर तिची मूळ संहिता व ती बदलण्याचा हक्कही घेणाऱ्यास द्या. तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "मग हे ऋणच झाले की!" आमची लाज त्या क्षणी ओसरली.

आता तिच्या मैत्रिणींच्या घरचे टाकून दिलेले संगणक एकेक करून आमच्या ओसरीवर येऊ लागले आहेत. ऋण फिटत असावे; आमचा पेनड्राइव्ह मात्र अद्याप परत मिळालेला नाही.