ऐकणारं माणूस

मराठी वाचू लागलेल्या मुलाला पहिला चकवा देते ती पहिली वेलांटी. ‘किरण’मध्ये ती ‘क’च्या आधी येऊन उभी राहते आणि तोंडातून मात्र ‘क’च्या नंतर निघते. मग तो ‘र’. ‘चक्र’मध्ये पायाशी, ‘सूर्य’मध्ये डोक्यावर, ‘ट्रक’मध्ये आणखी निराळा, ‘वाऱ्यावर’मध्ये तर ओळखूच येत नाही. मोठेपणी या वाटेवरून आपण इतके भरभर जातो की तिथं कधी ठेचा लागल्या होत्या, हेच विसरतो. मला त्या पुन्हा दिसू लागल्या सत्तरीत, नगरपालिकेच्या शाळेच्या व्हरांड्यात, दुसरी-तिसरीतल्या पोरांशेजारी सतरंजीवर बसल्यावर.

एकेक मूल येतं, पुस्तक उघडतं, अक्षरावर बोट ठेवतं. मी ऐकते. नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली. ट्रंक कॉलच्या खरखरीतून गावांची नावं टिपायची कानाला सवय. इथं शब्दाआधी घेतलेला श्वास टिपायचा असतो. मूल जोडाक्षरापाशी अडलं की तो शब्द आपल्याच जिभेवर येऊन बसतो. तो गिळायचा. ओठ नुसते हलत असतात; अक्षरं आधी सुटी, मग जवळजवळ, मग एकदम अख्खा शब्द, आणि त्याच क्षणी मान वर. आजीनं ऐकलं ना, एवढंच पाहायचं असतं.

बाईंना हे जमत नाही असं नव्हे, त्यांना वेळ पुरत नाही. शिक्षण हक्क कायद्यानं प्राथमिक वर्गांत 30 मुलांमागे एक शिक्षक धरलाय. पाऊण तासाची तासिका सगळ्यांत वाटली तर एकेकाच्या वाट्याला दीड मिनिट. घरी आई-बाप येतात ते दमून. आणि आम्हा निवृत्तांच्या दुपारच्या दुपारी नुसत्या पडून आहेत! ‘असर’ची पाहणी 2005 पासून खेड्यापाड्यांत घरोघरी जाऊन मुलांना अक्षर, शब्द, उतारा, गोष्ट अशा पायऱ्यांनी वाचायला देते. पाचवीतली कितीतरी मुलं दुसरीच्या गोष्टीशी अडतात, हे तिनं वेळोवेळी दाखवलं. ते वाचून जीव तुटतो. पण त्या पाहणीची रीत मला फार आवडते: एक मूल, एक कागद, समोर ऐकणारं एक माणूस.

अमेरिकेत बाल्टिमोरच्या सरकारी शाळांत ‘एक्स्पीरियन्स कोअर’नं साठीपुढची माणसं मुलांबरोबर वाचायला बसवली, आठवड्याला 15 तास. त्यामागे लिंडा फ्रीड या वृद्धांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टर होत्या. मुलांइतकीच त्यांना म्हाताऱ्यांची काळजी: पाय चालावेत, डोकं चालावं, चार माणसांत ऊठबस व्हावी. मला हे मनापासून पटतं. शाळा असेल त्या दिवशी वेणी घालतानाही माझा हात भराभर चालतो.

एक मुलगी आहे. ‘होतं’ छापलेलं असलं की ती ‘व्हतं’ वाचते, ‘पाणी’ला ‘पानी’. मी टोकत नाही. छापलेला शब्द डोळ्यांनी घेतला, तो कळला आणि तिनं तो आपल्या घरच्या बोलीत बोलून दाखवला. वाचन याहून वेगळं काय असतं? अक्षराला अक्षर जुळवत अगदी शुद्ध वाचणाऱ्या एखाद्याला विचारावं, गोष्टीत कोण होतं रे, तर तो पुन्हा पुस्तकात बघतो. ही पुस्तक मिटून सांगते, “कोल्हा व्हता, आन् लई लबाड व्हता!” माझी आजी असंच बोलायची. तिला मात्र अक्षरओळख नव्हती.

पारावर रोज बसणाऱ्या एका गृहस्थांच्या मी मागे लागले आहे. “मला शिकवता येत नाही हो,” म्हणतात. अहो, शिकवायला बाई आहेत. घाई नसलेलं माणूस हवंय. तिसरीतली चौघं अजून रफाराशी झगडताहेत आणि मी एकटी पुरत नाही. सोमवारी मधल्या सुट्टीनंतर फाटकाशी भेटायचं त्यांनी कबूल केलंय. जवळचं दिसायचा चष्मा तेवढा आणा, म्हटलं.