अडसर निघाला की…

इंदूरमधल्या एका मराठी घरातली रविवारची सकाळ. नववीतली नात इंग्रजी वर्तमानपत्र घेऊन बसली होती. क्रिकेटच्या पानावर एका शब्दापाशी ती अडली.

‘‘आजोबा, डिबॅकल म्हणजे काय हो?’’

‘‘डिबॅकल नव्हे गं, डिबाकल,’’ आजोबांनी उच्चार सुधारला. ‘‘म्हणजे दाणादाण, धूळधाण. आपण म्हणतो ना, पानिपत झालं, तसं.’’

‘‘म्हणजे आपल्या छापखान्याचं झालं तसं?’’

प्रश्न निरागस होता. पण समोर पोहे खात बसलेल्या तिच्या बाबांचा हात मध्येच थांबला. छापखान्याला कुलूप लागून तीन महिने झाले होते. खिळे जुळवता जुळवता आजोबांनी तो उभा केला होता आणि मुलाने ऑफसेटचे यंत्र आणून वाढवला होता. लग्नपत्रिका, बिलबुके, दिवाळीची भेटकार्डे, सगळे तिथे छापले जाई. मग पत्रिका मोबाइलवर जाऊ लागल्या, बिले संगणकावर निघू लागली. ‘‘चांगला चालता धंदा, अचानक बसला हो!’’ असे नातेवाईक हळहळून म्हणत. घरात मात्र त्याबद्दल कोणी बोलत नसे.

आजोबांनी उत्तर दिले नाही. ते उठले आणि कपाटातला जाडजूड शब्दकोश काढून बसले. जन्मभर अक्षरांत वावरलेल्या माणसाची ती सवयच होती.

इंग्रजीतला हा शब्द मूळचा फ्रेंच. फ्रेंच लोक तो ‘देबाक्ल’ असा उच्चारतात. त्यातल्या ‘बाक्ले’ या क्रियापदाचा जुना अर्थ दार आडव्या दांड्याने बंद करणे. आधी ‘दे’ लागला की अर्थ उलटतो, म्हणजे तो दांडा काढणे. जुन्या वाड्याच्या दिंडीदरवाजामागे जो लाकडी अडसर असे, तोच हा दांडा. याचे मूळ लॅटिनमध्ये आहे. तिथे काठीला ‘बाकुलुम’ म्हणत. गंमत अशी, की त्याच शब्दाचे धाकटे रूप रोगजंतूच्या नावात जाऊन बसले आहे. ‘बॅसिलस’ म्हणजे छोटी काठी. मराठीत त्याला दंडाणू म्हणतात, ते अगदी शब्दशः बरोबर आहे.

मग अडसर काढण्याचा आणि धूळधाणीचा संबंध काय? दोघांना जोडणारा दुवा आहे बर्फ. थंड मुलखात हिवाळ्यात नद्या गोठतात. पाण्यावर बर्फाचे दार लागते, त्यावरून माणसे आणि गाड्या चालतात. वसंत आला की एक दिवस ते दार तडकते, मोठमोठ्या लाद्या एकमेकींवर आदळत वाहू लागतात. नदीचा अडसर निघाला, म्हणून त्याला देबाक्ल म्हणू लागले. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजीने हा शब्द उचलला तो याच अर्थाने. पुढे प्रचंड लोंढा, मग सैन्याची पळापळ आणि शेवटी कोणतीही मानहानिकारक पडझड, असा तो पसरत गेला. 1870 मध्ये सेदाँ येथे फ्रेंच सैन्याने प्रशियापुढे शरणागती पत्करली आणि सम्राट तिसरा नेपोलियन कैद झाला. त्या युद्धावर एमिल झोलाने 1892 मध्ये कादंबरी प्रसिद्ध केली, तिचे नावच ‘ला देबाक्ल’. भारतातली इंग्रजी वर्तमानपत्रे 1962 च्या चीन युद्धातल्या पराभवाला हाच शब्द लावत आली आहेत. निवडणूक आणि क्रिकेट यांच्याबाबतीत तर तो आता रोजचाच झाला आहे.

पण या शब्दामागचे खरे दृश्य पाहायचे, तर स्वित्झर्लंडच्या वाले प्रांतातल्या बान्य नावाच्या खोऱ्यात जायला हवे. 1815 मध्ये इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला. त्याची राख आणि वायू वातावरणात उंच पसरले आणि 1816 साली युरोपात उन्हाळा जवळजवळ आलाच नाही. आल्प्समधल्या हिमनद्या फुगल्या. जिएत्रो हिमनदीतून कोसळलेल्या बर्फाचा ढीग द्रांस नदीच्या पात्रात साठत गेला. 1818 च्या वसंतापर्यंत त्याचे धरण झाले आणि मागे मोठा तलाव भरला. खालच्या गावांना 1595 ची आठवण होती. तेव्हाही असेच धरण फुटून अनर्थ झाला होता.

सरकारने इग्नाझ व्हेनेट्झ नावाच्या अभियंत्याला पाठवले. बर्फाच्या कड्या कोसळत असताना मजुरांनी जिवावर उदार होऊन धरणात बोगदा खणला. जूनच्या मध्याला त्यातून पाणी वाहू लागले, तलावाची पातळी उतरू लागली. सुमारे एक तृतीयांश पाणी निघून गेले होते, इतक्यात 16 जून रोजी दुपारी धरण फुटले. घरे, पूल, झाडे, गुरे घेऊन लोंढा मार्तिन्यीपर्यंत गेला. चाळीसच्या आसपास माणसे गेली. मात्र पाणी आधी उतरले नसते, तर हानी कितीतरी मोठी झाली असती, हे उघड आहे. असे प्रसंग केवळ इतिहासातलेच नाहीत. ऑक्टोबर 2023 मध्ये सिक्कीममधला दक्षिण ल्होनाक हा हिमतलाव फुटला आणि तिस्तेवरचे चुंगथांगचे धरण वाहून गेले.

लोक म्हणतात, अचानक झाले. पण अचानक दिसतो तो फक्त शेवटचा क्षण. जिएत्रोचे धरण दुपारी फुटले, पण तलाव काही महिने भरत होता. पानिपतही तसेच. 14 जानेवारी 1761 रोजी विश्वासराव पडले, पाठोपाठ भाऊसाहेब पडले आणि एका दिवसात होत्याचे नव्हते झाले. पण त्याआधी कित्येक आठवडे छावणीची रसद तुटलेली होती, माणसे आणि जनावरे उपाशी होती. मराठी भाषेने त्या गावाच्या नावाचाच वाक्प्रचार केला. पण त्या वाक्प्रचारात फक्त तो एक दिवस उरला. तसेच, त्यानंतर दहाच वर्षांनी, 1771 मध्ये, महादजी शिंद्यांच्या फौजा दिल्लीत शिरल्या, हेही त्यात उरले नाही.

देबाक्लचेही असेच झाले. त्याची चांगली बाजू मागे पडली. अलास्कातल्या नेनाना गावी तानाना नदीच्या बर्फावर दर हिवाळ्यात एक लाकडी तिकाटणे उभे करतात आणि तार ओढून ते घड्याळाला जोडतात. बर्फ फुटून तिकाटणे सरकले की घड्याळ थांबते. तो क्षण कोणता असेल, यावर 1917 पासून लोक पैजा लावत आले आहेत. तिथे बर्फ फुटणे म्हणजे संकटाची शक्यता तर असतेच. पण हिवाळा संपल्याची खूणही असते. अडसर निघाला की लोंढा येतो, तशी वाटही मोकळी होते.

आजोबांनी नातीला हे सारे सांगितले. आल्प्समधल्या बोगद्याची गोष्ट तिला फार आवडली. ‘‘पण बोगदा आधीच का नाही खणला?’’ तिने विचारले.

यावर आजोबा काही बोलण्याआधी तिचे बाबाच बोलले. तीन महिन्यांत पहिल्यांदाच.

‘‘अप्पा, दोन वर्षं तोटा होत होता. कर्ज काढून पगार दिले. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. अजून बरंच फेडायचं आहे.’’

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. नातीने आजोबांकडे पाहिले. आजोबांनी चष्मा काढून पुसला.

‘‘मला वाटलंच होतं,’’ ते म्हणाले. ‘‘कामगार कमी झाले, तुझं जेवण कमी झालं. विचारायला हवं होतं मी. मीही गप्प बसलो.’’ मग जरा थांबून म्हणाले, ‘‘बोगद्याला उशीर झाला खरा. तरी खणायला घेऊ. वही आण.’’

वही आली. कोणाचे किती देणे, यंत्राला काय किंमत येईल, कागद किती शिल्लक आहे, हे लिहिले गेले. सूनबाईही पदराला हात पुसत येऊन बसल्या. आकडा लहान नव्हता. पण तो आता एकट्याच्या छातीवर नव्हता, चौघांच्या समोर कागदावर होता.

कर्ज त्या दिवशी फिटले नाही आणि छापखाना पुन्हा सुरू झाला नाही. फक्त दुपारी जेवायला बसताना नातीच्या बाबांनी आणखी एक पोळी मागून घेतली.