हिशेबाची वही

पुण्याच्या भटक्यांना फुकट झोपण्याची सवय सह्याद्रीने लावली. हरिश्चंद्रगडाच्या लेण्यात किंवा पायथ्याच्या शाळेच्या पडवीत पथारी पसरावी, टाक्यातले पाणी प्यावे आणि उतरताना पोहे करून देणाऱ्या घरी चार नोटा ठेवाव्यात, एवढाच आमचा मुक्कामाचा व्यवहार. त्यामुळे २००६ च्या डिसेंबरात आम्ही पाच जण हंपीच्या धोंड्यांवर बोल्डरिंग करायला निघालो, तेव्हा नुसते झोपण्याचे पैसे मोजायचे ही कल्पनाच आम्हाला अपमानास्पद वाटत होती.

बोल्डरिंग म्हणजे दोराशिवाय दीड-दोन पुरुष उंचीचे धोंडे चढणे. पडणे त्यात गृहीतच असते, म्हणून खाली जाड गादी हवी. परदेशी क्रॅश पॅड आम्हाला परवडणारे नव्हते. तेव्हा गादीवाल्याकडून फोमचे तुकडे आणून ताडपत्रीच्या खोळीत शिवून घेतले. तंबू जुन्या बाजारातला, घासाघीस करून मिळवलेला. हुबळीला गाडी बदलून होस्पेटला उतरलो, तेव्हा ती गादी डोक्यावर घेतलेला आमचा मित्र बिऱ्हाड हलवणाऱ्या गृहस्थासारखा दिसत होता. या सगळ्याची पै न् पै एका वहीत टिपलेली आहे.

हंपीचा दगड आपल्या दगडाचा कोणीच लागत नाही. सह्याद्रीचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा, थरावर थर बसलेला. हंपीचा ग्रॅनाइट अडीचशे कोटी वर्षांच्या आसपासचा. भेगांतून झिरपणाऱ्या पाण्याने त्याच्या कडा जमिनीखालीच झिजल्या, वरची माती वाहून गेली आणि गोल धोंडे जागच्या जागी उघडे पडले. बेसाल्टवर बोटांना आडवी खोबण मिळते; इथे पुष्कळदा स्फटिकांच्या कणांवरच भिस्त ठेवावी लागते. पहिल्याच सकाळी आमच्या बोटांची सालडी निघाली. दुपारी खडक तव्यासारखा तापतो, म्हणून चढाई सकाळी आणि तिन्हीसांजेला. वाळवंट नव्हे, पण पाणी घोटाघोटाने प्यावे असा मुलूख. हीच किष्किंधा असे मानतात, आणि वाल्मीकींच्या रामाने पावसाळ्याचे चार महिने गुहेत काढले ते इथेच. त्या मुक्कामाचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

आम्हीही कातळावरच झोपणार होतो. एका गुराख्याने अस्वलाची चाल करून दाखवली आणि आमचा बेत मोडला. दरोजीचे अस्वलांचे अभयारण्य तिथून फार दूर नाही.

मग विरुपापूर गड्डीत, भातखाचरांच्या कडेला, झोपडीवजा खोल्या भाड्याने देणाऱ्या एका बाईंच्या अंगणात गेलो. तंबूचे रात्रीला पन्नास रुपये, त्या म्हणाल्या. खोली नको, गादी आमची, तंबू आमचा, आम्हाला नुसती जमीन हवी आहे, असा युक्तिवाद आम्ही मोडक्या हिंदीत अर्धा तास केला. तीस रुपयांवर सौदा तुटला. रात्री त्याच बाईंनी आमची बोटे पाहून न मागता हळद घातलेले कोमट तेल आणून दिले. त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, आणि आम्ही आग्रहही केला नाही.

हंपी १९८६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. १९९९ ते २००६ या काळात ती धोक्यात आलेल्या वारशाच्या यादीतही होती. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गड्डीतली बेकायदा बांधकामे पाडण्याचा आदेश कायम ठेवला आणि मार्चमध्ये यंत्रे आली. कायद्याची बाजू आम्हाला पटते. विजयनगरच्या अवशेषांना खेटून हॉटेले उगवू लागली तर उरणार काय, हे आम्ही वर्गात तावातावाने बोललोही आहोत. तरी बातमीतल्या छायाचित्रात ते अंगण कुठे दिसते का, हे आम्ही बराच वेळ शोधत होतो. त्या खोल्यांखालची जमीन बाईंची होती की कसायला घेतलेली, हे त्या अर्ध्या तासात आम्ही विचारले नव्हते.

निदान नाव तरी असेल म्हणून वही काढली. हुबळीच्या चहाचे पंधरा रुपये आहेत. नदी ओलांडायच्या होडीचे आहेत. मेणबत्तीचे आहेत. नाव नाही, सगळे त्यांना अक्का म्हणत, आम्हीही म्हणत होतो. आमच्याच अक्षरात एवढेच आहे: ‘अक्का, जागा, २ रात्री, ६० रु.’ आणि त्याखाली, दोनदा अधोरेखित: ‘वाचले ४०.’