ओट्यावरचे पाऊल

परदेशात मुलाकडे गेलेल्या बापाने दाखवतील ते मुकाट्याने पाहावे, असा माझा नियम आहे. म्हणून गेल्या उन्हाळ्यात कनेक्टिकटमधल्या रॉकी हिल गावी डायनोसॉरच्या पायांचे ठसे पाहायला चला, असे मुलाने म्हणताच मी निमूटपणे बूट चढवले. २० कोटी वर्षांपूर्वी कोणी चिखल तुडवला, तो पाहण्यासाठी आज आपण तिकीट काढायचे, ही मौजच!

एका मोठ्या घुमटाखाली तो खडक आहे आणि त्यावर तीन बोटांची सुमारे ५०० पावले. पाहताच मला कोंबडी आठवली. यात लाजण्यासारखे काही नाही. एकोणिसाव्या शतकात तिकडचे असे ठसे अभ्यासणारे एडवर्ड हिचकॉकही ते प्रचंड पक्ष्यांचेच समजत. त्यांनी या ठशांना ‘युब्रॉन्टिस’ नाव दिले. पण हे नाव पावलाचे, प्राण्याचे नव्हे! त्याचे हाड काही तिथे मिळालेले नाही; तो डायलोफोसॉरससारखा कोणी असावा, एवढाच तर्क. केलेल्या शिकारी गेल्या, गाजवलेला दरारा गेला. तळ्याकाठी पाय भरला होता तेवढा राहिला.

१९६६ साली तिथे सरकारी इमारतीसाठी खोदकाम चालू होते. बुलडोझर चालवणाऱ्या एडवर्ड मॅकार्थी यांनी एक शिळा उलटली, तिच्याखाली पावले दिसली. काम थांबले आणि इमारतीऐवजी उद्यान झाले.

“तो थांबला,” मुलगा माझ्याकडे न पाहता म्हणाला.

मी समजलो. पुण्याच्या घरी मी ओट्यावर नवा कोबा करून घेतला होता. चार वर्षांचा हा त्यात पाय देऊन पळाला. मी त्याला एक धपाटा घातला आणि गवंड्याला परत बोलावून ते पाऊल थापीने घोटून घेतले. “राहू द्या हो, पाय का एवढाच राहणार आहे त्याचा?” असे त्याची आई म्हणत होती. मला ओटा गुळगुळीत हवा होता. आता ती नाही आणि ओटाही नाही. तिथे मोटारी उभ्या असतात.

आणखी सुमारे १,५०० पावले तिथे पुन्हा मातीखाली झाकून ठेवली आहेत, नाहीतर ऊनपावसाने झिजली असती. झाकलेले टिकते, हे ऐकून मला क्षणभर बरे वाटले. पण मी झाकले कुठे होते? घोटले होते.

घुमटाबाहेर ठशाचा साचा काढू देतात. प्लास्टर आणि स्वयंपाकाचे तेल मात्र आपले आपण न्यायचे. मुलाने ठशाला तेल लावले, कडे ठेवले, प्लास्टर ओतले. ते आळते न आळते तोच नातवाने त्यावर पाय दिला. मुलाचा हात वर गेला.

“राहू दे रे,” मी म्हणालो.

साचा निघाला. एका बाजूला युब्रॉन्टिस, दुसऱ्या बाजूला आमचा नातू. परतताना विमानतळावर बॅगेचे वजन जास्त भरले. मी दोन स्वेटर आणि ते बूट तिकडेच ठेवून आलो.